मत्स्यविनोद

आमच्या लहानपणी नाशिकात गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नसे. ती गंगा. ‘गंगेवर जाऊन येतो’ एवढे म्हटले की घरात पुढचा प्रश्न येत नसे. चातुर्मासात माझी आजी रोज सकाळी गंगेवर जाई आणि शाळेला सुट्टी असली की मी तिच्या मागोमाग असे. तिच्या हातात एक पितळी डबी असायची. डबीत हरभऱ्याएवढ्या कणकेच्या गोळ्या आणि प्रत्येक गोळीच्या पोटात ‘राम’ लिहिलेली कागदाची इवलीशी चिठ्ठी. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम आदल्या रात्री माझ्याकडे. माझे अक्षर सुधारावे हा आजीचा दुसरा हेतू असावा. रामकुंडाच्या खालच्या अंगाला पायरीवर बसून ती एकेक गोळी पाण्यात टाकी आणि पाणी उकळू लागल्यासारखे होऊन मासे वर येत.

थोडे खाली काही मुले गळ टाकून बसलेली असत. त्यांच्याजवळच्या गोळ्याही कणकेच्याच. एकदा मी आजीला विचारले, “कुठली गोळी खायची आणि कुठली नाही, हे माशाला कसं कळतं?” आजी म्हणाली, “त्याला नाही रे कळत. म्हणून तर आपल्याला कळायला हवं.”

हे उत्तर मला पुढची पन्नासाहून अधिक वर्षे पुरले. मी शाकाहारी घरात वाढलो, शाळामास्तर झालो, निवृत्त झालो. माशांच्या खात्यावर माझ्या नावे काही देणे नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत एका परदेशच्या नदीत मोडली. मोडली ती बरेच झाले असे आता वाटते. पण त्या वेळी तसे वाटले नव्हते.

माझी लेक आणि जावई अमेरिकेत न्यू जर्सीला राहतात. काही वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे गेलो असताना मे महिन्यात एके दिवशी जावईबापूंनी मला नदीवर न्यायचे ठरवले. उत्तरेला मोटारीने काही तासांवर, न्यूयॉर्क राज्यात, हँकॉक नावाचे गाव आहे. तिथे डेलावेअर नदीचे पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन फाटे एकत्र येतात. पश्चिम फाट्यावर कॅननसव्हिलचे धरण आहे. ते १९६४ साली पुरे झाले. म्हणजे आमच्या गंगापूर धरणाच्या आदल्याच वर्षी. नाशिक जसे गंगापूरचे पाणी पिते तसे न्यूयॉर्क शहर इतर धरणांबरोबर याही धरणाचे पाणी पिते. धरणाच्या तळातून सोडलेले पाणी भर उन्हाळ्यातही थंडगार असते आणि ट्राउट जातीच्या माशाला असेच पाणी मानवते. पुढे नदी रुंद होऊन तापू लागली की ट्राउट विरळ होतो आणि बास नावाच्या माशाचे राज्य सुरू होते. हे मासे धरण्याची हौस असणाऱ्यांसाठी तिथे वाटाडे असतात. दिवसाचे पैसे मोजले की त्यांची नाव, त्यांची वल्ही आणि त्या नदीविषयीचे त्यांचे जन्मभराचे ज्ञान ही तिन्ही आपल्या सेवेला हजर. धारेबरोबर वाहत जायचे, वाहता वाहता मासा धरायचा आणि धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा.

“धरून सोडायचा?” मी विचारले.

“म्हणून तर तुम्हाला नेतोय, बाबा,” जावईबापू म्हणाले. “यात हिंसा नाही.”

नाव सपाट तळाची, दोन्ही टोकांना उचललेली. मध्ये वाटाड्या, तोंड प्रवाहाकडे करून वल्ही धरलेला. पुढे मी, मागे जावईबापू. नाव सोडण्याआधी त्या माणसाने खिशातून तापमापक काढून पाण्यात बुडवला, वाचला, आणि समाधानाने मान हलवली. पाणी वीस अंशांच्या वर गेले तर ट्राउटचा जीव आधीच मेटाकुटीला आलेला असतो. अशा दिवशी तो काठावरच थांबतो आणि दिवसाच्या कमाईवर पाणी सोडतो. मला हे फार आवडले. आमच्याकडे नदीला हात जोडणारे पुष्कळ पाहिले होते. नदीचा ताप पाहणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तिथे गळाला कणीक लावत नाहीत. बारीकशा आकड्यावर कोंबड्याची पिसे आणि दोरा गुंडाळून पाण्यावरच्या एखाद्या नाजूक किड्याची हुबेहूब नक्कल करतात. तिला ते ‘माशी’ म्हणतात. माशीने मासा धरायचा, हा शब्दांचा खेळ फक्त मराठीत साधतो, आणि तो माझ्या सोबत्यांना समजावून सांगताना माझा अर्धा तास मजेत गेला. अशा काही माश्यांसाठी एके काळी आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसे विलायतेला जात. पुढे त्या निर्यातीवर बंदी आली. या माशीला वजन असे नसतेच. म्हणून फेकायची ती दोरी. ती हवेत मागेपुढे खेळवून अशी सोडायची की टोकाची माशी पाण्यावर पिकलेल्या पानासारखी उतरावी. मला ते काही जमेना. वाटाड्याने सकाळभर न चिडता शिकवले. तो हाडाचा मास्तर होता, हे मी मास्तर म्हणून सांगतो.

दुपारी मासा लागला. त्या क्षणाचे वर्णन मी टाळू शकलो असतो तर बरे झाले असते, पण मग हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. काठी वाकली, दोरी ताणली, आणि पाण्याखालच्या एका जिवाची धडपड थेट माझ्या मनगटात येऊन पोहोचली. मला आनंद झाला. साधासुधा नव्हे, लहान मुलाला होतो तसा, अंग भरून. मी ओरडलोदेखील. सत्तरीला टेकलेला, कांदा-लसूणही चातुर्मासात वर्ज्य करणाऱ्या घरातला मी, एका जिवाच्या प्राणभयाने हर्षभरित झालो होतो.

तो तपकिरी ट्राउट होता. अंगावर काळे आणि लाल ठिपके. हाही मूळचा तिथला नव्हे; १८८३ साली जर्मनीहून त्याची अंडी अमेरिकेत आली आणि तो तिथलाच झाला. माझ्या लेकीसारखा. वाटाड्या म्हणाला, “आधी हात ओले करा. माशाला वर धरलंत की स्वतःचा श्वास रोखा. तुमचा जीव घाबरा झाला की त्याचाही झाला असं समजा.” पण मला छायाचित्र हवे होते. एक काढले, त्यात माझे डोळे मिटलेले. दुसऱ्यात मासा वाकडा. तिसरे बरे आले. माझे हात तोवर कोरडे झाले होते आणि श्वास मी केव्हाच सोडला होता.

मासा पाण्यात सोडला तेव्हा तो पोहला नाही. वाटाड्याने त्याला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही तळव्यांत पुष्कळ वेळ धरला. मग तो आडवा झाला, पांढरे पोट वर आले, आणि आमच्या नावेच्या बरोबरीने वाहू लागला. नदीच्या त्या पट्ट्यात मासा जवळ ठेवायला बंदी आहे, मेला असला तरी. म्हणजे तो कोणी खाणारही नव्हते. “गरुड नेईल,” वाटाड्या म्हणाला. मला दोष देणारा एक शब्द त्याने उच्चारला नाही. पण त्यानंतर त्याने मला दोरी फेकायला शिकवले नाही, आणि मीही मागितली नाही. घरी परतताना लेक फोनवर म्हणाली, “पण तुम्ही सोडला होतात ना, बाबा?”

हो, सोडला होता. त्या एका शब्दाभोवती माझे मन अजून घोटाळते आहे.

विचार करायला बसलो तेव्हा पहिली गोष्ट अशी दिसली, की हा खेळ काही आजचा नाही आणि फक्त साहेबाचाही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातल्या जुन्या मराठी पद्यपंक्तींमुळे ठाऊक असतो. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण, आपल्या सीमेलगतचे गाव. या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ सांगितला आहे. कोणता मासा कुठल्या पाण्यात राहतो, त्याला कोणते आमिष रुचते, काठी आणि दोरी कशी असावी, हे सारे तपशीलवार आहे. संस्कृतात विनोद म्हणजे मन रमवणे. मराठीत तो शब्द थट्टेवर येऊन ठेपला. गळाच्या वरच्या टोकाला संस्कृत अर्थ असतो आणि खालच्या टोकाला मराठी, असे म्हणावेसे वाटते.

उलट बाजूला अशोक आहे. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात वर्षातले काही ठरावीक दिवस मासे अवध्य ठरवले आहेत. त्या दिवशी ते विकायचेही नाहीत. मला यात अशोकाचे शहाणपण दिसते. सगळ्या प्रजेने सगळे दिवस मासा सोडावा असे त्याने फर्मावले नाही. ते कोणी पाळले नसते. काही दिवस तरी हात आवरावा आणि आवरलेल्या हाताकडे पाहावे, इतकेच त्याने मागितले.

मग प्रश्न येतो वेदनेचा. माशाला दुखते का? एडिंबरोजवळच्या एका संस्थेत लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउटच्या ओठांत मधमाशीचे विष आणि आम्ल टोचून पाहिले. त्यांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. ते मासे तळाशी डोलत राहिले, काहींनी ओठ खड्यांवर घासले आणि जवळजवळ तीन तास अन्नाकडे पाहिले नाही. ज्या मेंदूत वेदना जाणण्याची जागाच नाही त्याला वेदना कुठली, असे म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत. वाद मिटलेला नाही. पण ज्याने त्या ओठातून आकडा काढला आहे, त्याला वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची मुभा नसते.

कायद्याकडे वळलो तर गोंधळ आणखी वाढला. डेलावेअरच्या त्या पट्ट्यात मासा ठेवून घेतला तर गुन्हा. स्वित्झर्लंडमध्ये २००८च्या प्राणिसंरक्षण नियमांप्रमाणे, मुळातच सोडून देण्याच्या हेतूने मासा धरणे हा गुन्हा. धरायचा तर खाण्यासाठी धरा; निव्वळ करमणुकीसाठी जिवाला भय घालू नका, असे तो कायदा म्हणतो. एका देशात सोडणे हे पुण्य, दुसऱ्यात तेच पाप. दोन्ही देशांतली माणसे विचारी आहेत आणि दोघांनाही मासा हवा आहे. एकाला मासळीची जात टिकावी असे वाटते, दुसऱ्याला या एका माशाचा छळ होऊ नये असे वाटते. जात आणि जीव यांतले हे भांडण मला तरी सोडवता आले नाही.

परत आल्यावर मी गंगापूरच्या बॅकवॉटरकडे गेलो. तिथे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, फळीच्या तुकड्याने पाणी मागे सारत जाळी लावणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. त्याचा मुलगा माझा विद्यार्थी. रोहू, कटला, चिलापी, जे लागेल ते विकतो. मी त्याला सगळी हकीकत सांगितली. तो जाळ्यातला मासा सोडवता सोडवता ऐकत होता.

“सोडायचाच व्हता तर धरला कशाला, सर?”

मी म्हटले, “आनंदासाठी.”

“मंग त्याचा आनंद?” त्याने मासा पाटीत टाकला. थोड्या वेळाने आपणच म्हणाला, “सोडतो तसा मीबी. बारीक असंल तर सोडतो. उद्याचा माल हाय तो. पन त्याला उपकार नाय म्हनत.”

मला वाटते, या प्रश्नावर मी जे काही वाचले त्यात याच्याइतके नेमके थोडे होते. तो मारतो आणि मारतो असे म्हणतो. सोडतो तेव्हा आपल्या भल्यासाठी सोडतो असेही म्हणतो. मी मात्र ज्या संकटात त्या माशाला स्वतः लोटले त्यातूनच त्याला बाहेर काढून दयाळू म्हणवून घेऊ पाहत होतो. ज्याने गाठ मारली त्यानेच ती सोडवली तर त्याला फार तर गाठ सोडवता येते असे म्हणावे. उदार म्हणू नये. आणि त्या दिवशी माझी तर गाठही सुटली नव्हती.

सोडणे हेही एक कर्मच आहे, त्याचीही फळे असतात, हे आणखी एका माशाने मला शिकवले. दख्खनवर संशोधन करणाऱ्या कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याच्या नदीतल्या एका मोठ्या माशाची शास्त्रीय नोंद केली आणि आपल्या लोकांच्या तोंडचेच ‘खुदरी’ हे नाव त्याला दिले. हा आपला महसीर. धरणांमुळे आणि सुरुंगाच्या मासेमारीमुळे तो नाहीसा होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून त्याची पिले वाढवून ठिकठिकाणच्या नद्यांत सोडायला सुरुवात केली. हे थोर काम आहे. खुदरी वाचला त्यात त्याचा वाटा आहे. पण पिले दक्षिणेत कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा एक कुबडवाला महसीर होता, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. आलेला खुदरी तिथे फोफावला आणि कुबडवाला मागे पडत गेला. २०१८ साली त्याला शास्त्रीय नाव निश्चित मिळाले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. कोणाच्या मनात वाईट नव्हते. पण आपण सोडले म्हणजे आपण सुटलो, असे होत नाही, हे त्यातून दिसले. आणि हेही सांगितले पाहिजे, की कावेरीच्या काठी सुरुंग लावणाऱ्यांना अडवायला वर्षानुवर्षे जी माणसे उभी राहिली, त्यांत गळ टाकून मासा सोडणारे हौशी लोक पुढे होते. ज्या विनोदाला मी दोष देतो आहे त्यानेच त्यांना नदीकाठी आणून बसवले होते.

इथपर्यंत येऊन मी समाधानाने म्हणू शकलो असतो, की बरे झाले, आपण यापुढे गळ हातात धरणार नाही. आपण आपले आजीच्या पायरीवर. पण ती पायरीच आता कुठे आहे? रामकुंडाच्या परिसरात नदीचा तळ काँक्रीटखाली गेला. २०१६च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले. आम्ही सगळे पाहायला गेलो, हळहळलो, पुजेचे कसे होणार याची चर्चा केली. मीही केली. तिथल्या माशांचे काय झाले, हे माझ्या तरी मनात आले नाही.

माझे घर नासर्डीच्या बाजूला आहे. नासर्डीला आता नंदिनी म्हणायचे ठरले आहे. नाव पालटले, पाणी मात्र काळेच वाहते. माझ्या मोरीतले पाणी, कपड्यांचा साबण, भांड्यांची पावडर, हे सगळे कुठे जाते हे मी कधी विचारले नव्हते. शुद्धीकरणाची केंद्रे आहेत. तरी शहराखालची गोदावरी पाणवेलींनी हिरवी होते, आणि मधूनमधून मेलेल्या माशांचा थर काठाला लागल्याची बातमी येते. त्या बातमीवर माझे नाव नसते. डेलावेअरच्या एका माशाने मला रात्ररात्र झोप लागू दिली नाही, कारण तो माझ्या हातात मेला. हे हजारो माझ्या मोरीत मेले, आणि मी चातुर्मास पाळत राहिलो. कित्येक वर्षे ज्याला मी अहिंसा समजत होतो ती बहुधा नुसती अंतराची सोय होती.

म्हणून आता मला मारणारा, सोडणारा आणि हात न लावणारा अशी उतरंड लावता येत नाही. तराफ्यावरचा माणूस मारतो, पण पाणी खराब झाले तर त्याला आधी कळते, कारण त्याची भाकरी त्यात आहे. तो वाटाडा विनोद विकतो, पण तापमापक बुडवल्याशिवाय नाव सोडत नाही. तिसरा मी. माझे हात स्वच्छ आहेत, कारण ते कधी पाण्यात गेलेच नाहीत. तरीही मासा गळाला लागल्यावर मला झालेला आनंद मी निर्दोष ठरवू शकत नाही. दुसऱ्याच्या भयातून आलेले सुख गोड लागले तरी ते उष्टे आहे. ते पुन्हा घेणार नाही. पण ते न घेतल्याने माझे देणे फिटले, हे म्हणणेही मी सोडून दिले आहे. ज्याला आपण हात लावला नाही त्याचेही आपण देणे लागतो. आजीच्या ‘आपल्याला कळायला हवं’ या शब्दांत गळ आणि कणीक यांतला भेद तर होताच. गोळी ज्यात पडते त्या पाण्याचे भान असणे हेही त्यातच आले, हे मला फार उशिरा उमगले.

टाकळीला नासर्डी गोदावरीला मिळते. समर्थ रामदासांनी तिथे बारा वर्षे तपश्चर्या केली. ते संगमावर कमरेइतक्या पाण्यात जपाला उभे राहत आणि मासे त्यांच्या पायांचे लचके तोडत, असे परंपरा सांगते. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला समर्थांच्या सहनशक्तीचे कौतुक वाटे. आता वाटते, त्या गोष्टीत दुसरीही एक बाजू आहे. नामस्मरण करणारा माणूस तिथे पाण्याबाहेर, पायरीवर बसलेला नव्हता. तो माशांच्या घरात उभा होता, आणि घेणारे मासे होते.

मध्यंतरी एके सकाळी मी टाकळीला गेलो. जावईबापूंनी निरोप देताना दिलेला तापमापक खिशात होता. काठावर वाकून तो पाण्यात बुडवायचा तर मनगटापर्यंत हात घालावा लागणार होता. वासाने मी दोनदा मागे सरलो. तिसऱ्यांदा हात घातला. आकडा वहीत लिहून ठेवला. आता दर आठवड्याला जातो आणि लिहितो. त्याने नदी सुधारणार नाही, हे मला समजते. पण रोज पाण्यात राहणाऱ्यांना काय सोसावे लागते, ते निदान मनगटापुरते मला कळू लागले आहे.